दोन डीपी एकत्र जोडल्या तर?

चाकूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. आजूबाजूला सोयाबीन, तूर, हरभऱ्याची शेते. पाणी विहिरीचे किंवा बोअरचे, म्हणजे मोटारीच्या भरवशावरचे. रब्बीत सगळ्यांनाच एका वेळी पाणी द्यायचे असते. शेतीची वीज ठरलेल्या तासांत येते आणि ती आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. मग एखाद्या दिवशी डीपी जळते. दुसरी येईपर्यंत हरभरा ऐन घाटे भरण्याच्या वेळी वाळू लागतो.

अशा भागातल्या शाळेत दहावीला विजेचा पाठ चालू असताना एखादा मुलगा उठून विचारतो, "गुरुजी, भार जास्त झाला म्हणून डीपी जळते ना? मग तिच्या शेजारी दुसरी डीपी बसवून दोन्हीच्या वायरी एकत्र बांधल्या तर? अर्धा भार हिच्यावर, अर्धा तिच्यावर."

प्रश्न चांगला आहे. पुस्तकात समांतर जोडणी शिकवली ती याच मुलाने रोजच्या अनुभवाला लावून पाहिली आहे. उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. दोन रोहित्रे समांतर जोडता येतात; वीज उपकेंद्रांत ती तशी चालवलीही जातात. पण त्यासाठी काही अटी पाळाव्या लागतात. त्या पाळल्या नाहीत तर भार वाटला जाण्याऐवजी दोन्ही रोहित्रे धोक्यात येतात, आणि एका प्रसंगी तर माणसाचा जीवही. या अटी का आल्या हे समजायला दहावीपर्यंतचे विज्ञान आणि थोडी भूमिती पुरते.

रोहित्राचे काम

गावात आपण जिला डीपी म्हणतो ते म्हणजे रोहित्र, ट्रान्सफॉर्मर. पातळ पोलादी पत्र्यांच्या गाभ्यावर तारेची दोन कुंडले गुंडाळलेली असतात. एका कुंडलातून प्रत्यावर्ती प्रवाह गेला की गाभ्यातील चुंबकीय क्षेत्र सतत बदलते आणि त्यामुळे दुसऱ्या कुंडलात विभवांतर निर्माण होते. हे तत्त्व फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधले. वेढ्यांचे जे प्रमाण, तेच विभवांतराचे प्रमाण. तेल असते ते कुंडलांची उष्णता बाहेर नेण्यासाठी आणि विद्युतरोधनासाठी.

आपल्याकडे वीज टप्प्याटप्प्याने उतरते. मोठ्या मनोऱ्यांवरून येणारी २२० किंवा १३२ केव्हीची वीज ३३ केव्हीवर येते (१ केव्ही म्हणजे १००० व्होल्ट). ३३ केव्हीच्या उपकेंद्रात ती ११ केव्ही होते. ११ केव्हीच्या वाहिन्या खेड्यांकडे जातात आणि डीपीवर ती ४३३ व्होल्टवर येते. मोटारीला तीन फेज मिळतात आणि घरात एक फेज व न्यूट्रल मिळून सुमारे २३० व्होल्ट.

समांतर, पण कोणत्या बाजूने?

एका ११ केव्हीच्या वाहिनीवर अनेक डीपी असतात. वरच्या, म्हणजे ११ केव्हीच्या बाजूने त्या सगळ्या एकमेकींना समांतरच आहेत. आज हे इतके सहज वाटते की त्यात काही शोध असेल असे मनात येत नाही. पण १८८० च्या दशकात गोलार व गिब्ज यांनी जी पद्धत मांडली होती तीत रोहित्रांची पहिली कुंडले एकसर जोडलेली असत. त्यामुळे एका ग्राहकाने दिवे कमी केले की दुसऱ्याचे विभवांतर बदले. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील झिपरनोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तिघांनी रोहित्रे समांतर जोडण्याची पद्धत आणली. कोणी किती वीज वापरतो याचा त्रास मग शेजाऱ्याला फारसा होईना. आजचे सारे वीजवितरण त्याच पायावर उभे आहे.

मुलाचा प्रश्न मात्र याच्या पुढचा आहे. दोन रोहित्रे वरच्या बाजूने जोडलेली आहेतच. ती खालच्या बाजूनेही जोडली तर काय होईल? तसे झाले की दोघांची मिळून एक बंद वाट तयार होते. पुढच्या सगळ्या अटी या बंद वाटेतून येतात.

पहिली अट : विभवांतर सारखे हवे

टॉर्चचा एक नवा आणि एक वापरलेला सेल घ्या. धन टोक धन टोकाला आणि ऋण टोक ऋण टोकाला जोडा. बाहेर बल्ब नाही, काही नाही. तरी मध्ये अँपिअरमापक ठेवला तर नव्या सेलकडून जुन्याकडे प्रवाह वाहताना दिसतो. कामाला न येणारा हा प्रवाह दोन सेलांतच फिरत राहतो.

रोहित्रांचेही असेच होते. समजा, उपकेंद्रात ५ एमव्हीएची (५००० केव्हीए) दोन रोहित्रे आहेत. ११ केव्हीच्या बाजूला अशा रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे २६२ अँपिअर असतो. रोहित्राला कुंडलाचे वेढे थोडे कमी-जास्त करण्याची सोय असते. तिला टॅप म्हणतात. एकाचा टॅप दुसऱ्यापेक्षा एक घर पुढे राहिला आणि त्यामुळे विभवांतरात अडीच टक्क्यांचा फरक पडला, तर?

हा फरक किती प्रवाह फिरवील ते रोहित्राच्या आतल्या विरोधावर ठरते. प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाला संरोध म्हणतात. रोहित्राच्या पाटीवर तो टक्क्यांत लिहिलेला असतो. दुय्यम कुंडलाची टोके एकमेकांना जोडून टाकली, आणि पूर्ण भाराचा प्रवाह वाहण्यासाठी पहिल्या कुंडलाला नेहमीच्या विभवांतराच्या ७ टक्के द्यावे लागले, तर त्या रोहित्राचा संरोध ७ टक्के.

आपल्या दोन्ही रोहित्रांचा संरोध ७ टक्के धरू. बंद वाटेत दोघांचा मिळून १४ टक्के संरोध आहे. फरक अडीच टक्क्यांचा. अडीच भागिले चौदा म्हणजे जवळजवळ १८ टक्के. याचा अर्थ गावात एकही दिवा लागलेला नसताना दोन रोहित्रांमध्ये सुमारे ४७ अँपिअर फिरत राहतील. एवढ्याशा फरकाने रोहित्र जळणार नाही, पण ते विनाकारण तापेल आणि भार वाहण्याची त्याची काही ताकद वाया जाईल. म्हणून समांतर रोहित्रांचे टॅप बरोबरीने हलवावे लागतात.

दुसरी अट : टक्के संरोध सारखा हवा

विभवांतर तंतोतंत सारखे आहे असे समजू. आता भार कसा वाटला जाईल? ज्याचा संरोध कमी, त्याच्याकडे प्रवाह जास्त. समांतर जोडलेल्या रोधांचा जो नियम आपण शिकवतो, तोच येथे आहे.

दोन्ही रोहित्रे ५ एमव्हीएचीच, पण एकाचा संरोध ६ टक्के आणि दुसऱ्याचा ८ टक्के. उपकेंद्रावर १० एमव्हीएचा भार आला. पाटीवरच्या आकड्यांची बेरीज १०, म्हणजे सारे ठीक, असे कोणालाही वाटेल. पण भार ८ : ६ म्हणजे ४ : ३ या प्रमाणात वाटला जाईल. पहिल्यावर ५.७ एमव्हीए आणि दुसऱ्यावर ४.३. पहिले रोहित्र १४ टक्के जास्त भार ओढत असताना दुसरे मात्र पूर्ण भरलेलेही नाही. पहिल्याला ५ वर ठेवायचे तर दुसऱ्यावर ३.७५ येतील. म्हणजे ही जोडी १० नव्हे, पावणेनऊ एमव्हीएचीच.

बैलजोडीचे उदाहरण मुलांना लगेच पटते. एका जुवाला सारख्या चालीचे बैल नसले की गाडीचे ओझे नीट वाटले जात नाही. पण येथे एक फरक सांगायला हवा. ओझे कोणाकडे जास्त जाईल हे रोहित्राच्या ताकदीवर नव्हे, त्याच्या संरोधावर ठरते. जास्त ओढणारे रोहित्र जास्त ताकदीचे असतेच असे नाही.

मग वेगवेगळ्या क्षमतेची रोहित्रे जोडता येतात का? येतात. १० एमव्हीएचे आणि ५ एमव्हीएचे रोहित्र घेतले आणि दोघांचा टक्के संरोध सारखा असला, तर भार आपोआप २ : १ असा, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे वाटला जातो. संरोध टक्क्यांत लिहिण्याची सोय ही अशी उपयोगी पडते.

तिसरी अट : घड्याळ जुळायला हवे

ही अट सर्वांत महत्त्वाची. पहिल्या दोन्ही अटींत थोडे उणे-अधिक चालते, येथे नाही.

प्रत्यावर्ती विभवांतर सेकंदात ५० वेळा चढते-उतरते. दोन रोहित्रांचे विभवांतर सारखे असून चालत नाही. ते एकाच क्षणी चढले आणि एकाच क्षणी उतरले पाहिजे. तीन फेजच्या रोहित्रांत कुंडले त्रिकोणात (डेल्टा) किंवा ताऱ्यासारखी (स्टार) जोडतात. वरची बाजू एका पद्धतीची आणि खालची दुसऱ्या पद्धतीची असली की खालचे विभवांतर वरच्याच्या मागे किंवा पुढे पडते. हे किती, ते पाटीवर घड्याळाच्या भाषेत लिहितात. आपल्या डीपीवर बहुधा 'डीवायएन ११' असे असते. वरचे विभवांतर १२ वर असलेला काटा मानले, तर खालचे ११ वर. एक तास म्हणजे ३० अंश.

आता कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि त्यावर घड्याळाचे आकडे लिहा. दोन्ही रोहित्रे ११ ची असली तर दोन्ही बिंदू एकच; अंतर शून्य. एक ११ चे आणि एक १ चे असले तर मध्ये ६० अंश. ११ आणि १ जोडणारी जीवा मोजा. ती बरोबर १० सेंटिमीटर भरते, कारण केंद्राशी मिळून समभुज त्रिकोण होतो. म्हणजे दोन्ही रोहित्रांवर विभवांतर सारखेच, पण त्यांच्यातील फरक मात्र पूर्ण विभवांतराइतका, १०० टक्के! बंद वाटेतला संरोध १४ टक्के. शंभर भागिले चौदा, म्हणजे पूर्ण भाराच्या सात पट प्रवाह, आणि तोही बाहेर काही भार नसताना. कुंडलातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती सुमारे पन्नास पट होईल. संरक्षक यंत्रणेने क्षणात वीज तोडली नाही तर रोहित्र वाचणार नाही.

११ आणि १२ च्या रोहित्रांत जीवा ५.२ सेंटिमीटर भरते. तेथेही प्रवाह पावणेचार पट जवळ जातो. ११ ची आणि १२ ची रोहित्रे बाहेरच्या वायरी कशाही फिरवल्या तरी कधीच जुळत नाहीत. समोरासमोरचे आकडे, म्हणजे ११ आणि ५, असले तर जीवा म्हणजे व्यासच, २० सेंटिमीटर.

याच्या जोडीला फेजचा क्रमही सारखा हवा. दोन वायरींची अदलाबदल झाली तर एक फेज जुळेल, पण उरलेल्या दोन एकमेकींवर पडतील. तो सरळ शॉर्टसर्किटच होय. म्हणून उपकेंद्रात समांतर जोडण्यापूर्वी ज्या दोन टोकांना जोडायचे त्यांच्यात विभवांतर शून्य आहे ना, हे मोजून खात्री करतात.

दोन रोहित्रे कशासाठी?

एवढी कटकट असताना एकच मोठे रोहित्र का बसवू नये? पहिले कारण सरळ आहे. एक बिघडले किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवले तर दुसऱ्यावर निदान काही गावांचा पुरवठा चालू राहतो. दुसरे कारण वीज वाचवण्याचे आहे.

रोहित्रात वीज दोन वाटांनी वाया जाते. गाभ्यात होणारी लोहहानी भार असो वा नसो, चोवीस तास सारखीच. कुंडलात होणारी ताम्रहानी भाराच्या वर्गाप्रमाणे वाढते. हिशेबापुरते समजा, प्रत्येक रोहित्राची लोहहानी ५ किलोवॅट आणि पूर्ण भारावरची ताम्रहानी ३० किलोवॅट. भार २ एमव्हीए असेल तर एका रोहित्रावर हानी ९.८ किलोवॅट, दोन चालवली तर १२.४. म्हणजे एकच चालवणे बरे. भार ४ एमव्हीए झाला तर एका रोहित्रावर २४.२ आणि दोनांवर १९.६. आता दोन चालवणे बरे. कोणत्या भाराला दोन्ही सारखे पडेल, हे विद्यार्थ्यांनी काढावे. (उत्तर : सुमारे २.९ एमव्हीए.)

जोडता येते, म्हणून जोडावेच का?

समांतर जोडणीला दुसरी बाजूही आहे. वाहिनीची तार तुटून शॉर्टसर्किट झाले तर उपकेंद्राजवळ एका रोहित्रातून पूर्ण भाराच्या सुमारे १४ पट, म्हणजे ३७५० अँपिअरच्या आसपास प्रवाह येऊ शकतो. दोन समांतर असली की ७५०० अँपिअर. तेथील सर्किट ब्रेकरला एवढा प्रवाह तोडता आला पाहिजे. म्हणून अनेक ठिकाणी दोन रोहित्रे असूनही प्रत्येकाला वेगळ्या वाहिन्या वाटून देतात आणि मधला स्विच उघडा ठेवतात. गरज पडली तरच तो जोडतात.

शिवाय दोघांवर मिळून किती भार आहे, हेही पाहिले पाहिजे. १०० केव्हीएच्या दोन डीपी एकत्र बांधल्या आणि भार १८० केव्हीए आहे. एकीचा फ्यूज उडाला की दुसरीवर एकदम १८० केव्हीए पडतात. एक गेली की दुसरीही जाते. जोडी एकमेकांना सांभाळते ती, दोघांपैकी एकाला सगळा भार काही काळ पेलता येत असेल तरच.

उलटी येणारी वीज

आता जिवाशी गाठ असलेला मुद्दा. रोहित्र दोन्ही दिशांनी चालते. ११,००० व्होल्ट दिले की खाली ४३३ मिळतात. खालून ४३३ दिले की वर ११,००० उभे राहतात. रोहित्राला 'वर' आणि 'खाली' कळत नाही.

समजा, एक डीपी बंद आहे आणि शेतकऱ्यांनी शेजारच्या डीपीवरून तात्पुरती वायर ओढून मोटारी चालू केल्या, पण बंद डीपीच्या खालच्या बाजूच्या वायरी काढल्या नाहीत. वायरमनने वरचा स्विच उघडला आहे, फ्यूज काढले आहेत. डोळ्यांना डीपी बंद दिसते. प्रत्यक्षात खालून वीज आत शिरली आहे आणि वरच्या टोकांवर ११,००० व्होल्ट आहेत. दुरुस्तीला चढलेल्या माणसाचा हात तेथे लागला तर काय होईल ते सांगायला नको.

त्यासाठी दुसरी डीपीही लागत नाही. घरातले, शाळेतले किंवा लग्नाच्या मांडवातले जनरेटर बदल-स्विच न लावता नुसते बोर्डात जोडले, तरी एका फेजवरच्या २३० व्होल्टमधून वरच्या दोन तारांमध्ये सुमारे १०,००० व्होल्ट तयार होऊ शकतात. बदल-स्विच असला की एका वेळी एकच वाट उघडी राहते. जनरेटर तरी, नाहीतर बाहेरची वाहिनी. म्हणूनच रोहित्रावर काम करताना नियम असा आहे की वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू तोडायच्या, वीज नाही हे तपासायचे आणि तारा जमिनीला जोडून मगच हात लावायचा. आपल्या शाळेत जनरेटर असेल तर बदल-स्विच आहे की नाही, हे आजच पाहावे.

मुलाला काय सांगावे?

आता त्या मुलाकडे वळू. त्याची कल्पना चुकीची नाही. विभवांतर, टक्के संरोध, घड्याळाचा आकडा आणि फेजचा क्रम जुळला तर दोन रोहित्रे भार वाटून घेतात. पण शेतातल्या डीपीजवळ हे मोजायला, टॅप पाहायला आणि दोन्ही बाजू एकदम तोडायला रोज कोणी उभे नसते. तेथे सोपा व सुरक्षित उपाय निराळा आहे. एक तर जास्त क्षमतेची डीपी बसवावी, नाहीतर दुसरी डीपी बसवून काही मोटारी तिच्यावर पूर्णपणे वेगळ्या कराव्यात. वरच्या बाजूने समांतर, खालच्या बाजूने स्वतंत्र. महाराष्ट्रात २०१८ पासून राबवलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीत हाच विचार पुढे नेला आहे. तीत ११ केव्हीची तार शेतापर्यंत नेऊन एक-दोन शेतकऱ्यांसाठी एक छोटे रोहित्र बसवतात.

आणि डीपी जळण्याचे कारण दर वेळी भारच असते असेही नाही. तेल कमी झालेले असते, अर्थिंग सुकलेले असते, तिन्ही फेजवर भार सारखा नसतो, किंवा फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असते. जाड तार घातली की फ्यूज वितळत नाही. त्याच्याऐवजी कुंडल जळते.

वर्गात तीन गोष्टी करून घेता येतील. टॉर्चच्या नव्या-जुन्या सेलांचा प्रयोग (जोडणी क्षणभरच ठेवावी, आणि सेल उलटसुलट जोडू नयेत). घड्याळाच्या वर्तुळावर ३०, ६०, १२० आणि १८० अंशांच्या जीवा मोजून तक्ता करणे. आणि गावातल्या डीपीच्या कुंपणाबाहेर उभे राहून, आत न जाता, पाटीवरचे जे आकडे दिसतील ते टिपून आणणे. केव्हीए, व्होल्ट, टक्के संरोध, घड्याळाचा आकडा. घरच्यांकडून त्या डीपीवर किती मोटारी आहेत आणि प्रत्येक किती अश्वशक्तीची, हे विचारून बेरीज करावी. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. मोटारीची हानी वगैरे धरून दर अश्वशक्तीला सुमारे एक केव्हीए मानला तरी अंदाज येतो. बेरीज पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त निघाली, तर डीपी का जळते याचे उत्तर मुलांनीच काढले असे होईल, आणि नव्या डीपीसाठी अर्ज लिहिताना गावाला तो हिशेब उपयोगी पडेल.